आधी पाणी कुठे ते ठरव

ताई, मी गुहागरची, वय २३. तीन वर्षांपासून एका काल्पनिक द्वीपसमूहावर कादंबरी लिहायची म्हणून वही भरते आहे. सात बेटं आहेत, आकाशात दोन चंद्र आहेत. प्रत्येक बेटाचा देव, पोशाख, झेंडा, सण, लग्नाची पद्धत असं सगळं लिहून काढलंय. तिसऱ्या बेटावर नवरीचे तळवे निळे रंगवतात, पाचव्या बेटावर सूर्यास्तानंतर कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. पण गोष्ट काही सुरूच होत नाही. मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली, ‘छान आहे, पण टूर कंपनीच्या माहितीपत्रकासारखं वाटतं.’ नावांचंही कोडं आहे. परदेशी वळणाची ठेवली तर उसनी वाटतात, मराठी ठेवली तर शेजारपाजारची माणसं वाटतात. अंदमानच्या आदिवासींचे काही विधी घेतले तर चालतील का? पुस्तकात नकाशा द्यावा का? की वही फेकून नव्याने सुरुवात करू?
– बेटवेडी, गुहागर

प्रिय बेटवेडी,

वही फेकू नकोस. तीन वर्षं एका जगाचा ध्यास धरणं ही लहान गोष्ट नाही, आणि पत्रातल्या दोनच रीतींवरून मला दिसतंय की तुला चित्रं सुचतात. ते निळे तळवे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पण मैत्रीण म्हणते त्यात तथ्य आहे. तुझ्या वहीत प्रत्येक बेटाकडे सगळं काही आहे. देव आहे, झेंडा आहे, सण आहे. कमी कशाचीच नाही. ज्या बेटाला काही कमी नाही तिथल्या माणसाला होडी बांधायचं कारण नाही, पलीकडच्या बेटावरच्या माणसाशी गोड बोलायचं कारण नाही आणि एखादा नियम जिवापाड सांभाळायचंही कारण नाही. म्हणून तुझी माणसं आपापल्या किनाऱ्यावर सुंदर कपडे घालून नुसती उभी आहेत.

तेव्हा देव आणि झेंडे थोडे दिवस बाजूला ठेव आणि सातही बेटांना एकच प्रश्न विचार. इथे प्यायचं पाणी कुठून येतं?

तू कोकणातली, सिंधुदुर्ग पाहिला असशीलच. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी झाली. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. त्या तीन विहिरी नसत्या तर तेवढी मोठी तटबंदी कुणाच्या उपयोगाची नव्हती. आता लक्षद्वीप घे. प्रवाळाची सपाट बेटं, नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर थरासारखं तरंगत राहतं. ढोबळ हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून हातभर वर असेल तर खाली चाळीस हात गोडं पाणी असतं. वरचं हातभर उपसून संपवलंस की खालचे चाळीस हातही जातात आणि विहिरीत खारं पाणी चढतं. म्हणजे एका घराने हाव केली तर आख्ख्या वाडीचं पाणी नासतं. अशा बेटावर विहीर किती खोल खणायची हे कोण ठरवतं? रात्री गुपचूप घागर भरणाऱ्याला काय शिक्षा? पाहुणा आला तर त्याला पाणी आधी द्यायचं की त्याच्याकडे मागायचं? हे प्रश्न स्वतःला विचारायला लागलीस की रीती आपोआप सुचायला लागतील, आणि त्या पोशाखाच्या आणि झेंड्याच्या नसतील.

एका बेटाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पाण्यापासून माणसाच्या वागण्यापर्यंतचा सगळा रस्ता तिथे स्पष्ट दिसतो. दक्षिण कोरियाचं जेजू. ज्वालामुखीतून तयार झालेलं बेट. पाऊस भरपूर, पण खडक सच्छिद्र. पाणी वर थांबतच नाही. ते मुरतं आणि किनाऱ्याजवळ झरे होऊन बाहेर येतं. म्हणून जुनी गावं झऱ्यांपाशी, किनाऱ्याला धरून वसली. पाणी आणायचं काम बायकांचं. वाटा दगडधोंड्यांच्या आणि वारा असा की डोक्यावरची घागर टिकायची नाही. म्हणून तिथल्या बायका मातीचा घडा टोपलीत बसवून पाठीवर बांधायच्या. पाणी टिकत नाही म्हणून भातशेती फारशी नाही, शेतांना वाऱ्यापासून वाचवायला काळ्या दगडांचे गडगे. जमीन पुरेसं देत नाही म्हणून समुद्राकडे वळायचं. तिथे ‘हेन्यो’ आहेत, म्हणजे नळकांडं न लावता, नुसता श्वास रोखून बुडी मारणाऱ्या आणि तळावरचे शिंपले, शेवाळ काढणाऱ्या बायका. कौशल्यावरून त्यांच्या तीन पायऱ्या ठरतात. बुडी मारण्याआधी आणि नंतर त्या पूर्वी दगडी आडोशात शेकोटीभोवती बसायच्या, आणि कुणी कुठे बसायचं हेही त्या पायरीवर ठरायचं. पाण्याबाहेर येताच कोंडलेला श्वास शिट्टीसारखा आवाज करत सुटतो. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या या परंपरेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

यातली मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट म्हणजे ‘आजीचा समुद्र’. किनाऱ्याजवळचं उथळ पाणी म्हाताऱ्या हेन्योंसाठी राखून ठेवलेलं असतं. ज्यांच्या छातीत दम आहे त्यांनी खोल पाण्यात जायचं, उथळ भागाला हात लावायचा नाही. या एका रीतीत किती गोष्टी दडल्या आहेत बघ. आपण म्हातारे झालो हे कोण सांगणार? एखादी बाई सत्तरीतही खोल पाण्यात जायचा हट्ट धरील आणि तिच्या सुनेला ते बघवणार नाही. एखाद्या वर्षी खोल पाण्यात काहीच मिळणार नाही आणि घरात लहान मूल असलेली तरुणी पहाटे आजीच्या समुद्रात शिरेल. तिला पाहणारी म्हातारी काय करील? ओरडेल, की पाठ फिरवेल? तुझ्या वहीत झेंड्यांचे रंग आहेत, पण असा प्रसंग एकही नाही, कारण तुझ्या रीती कुणालाच अडवत नाहीत.

जेजूच्या घरांना जुन्या काळी दरवाजाऐवजी दोन दगडी खांबांमध्ये आडव्या टाकलेल्या तीन लाकडी दांड्या असत. तीनही खाली असल्या तर घरात माणूस आहे. एक लावलेली असली तर जवळपासच गेलाय. तीनही लावलेल्या असल्या तर लांब गेलाय. कादंबरीच्या पहिल्या पानावर नुसत्या तीन दांड्या लावलेलं घर दाखवलंस तरी वाचक विचारील, कोण गेलं, कुठे गेलं.

दुसरं उदाहरण थोडक्यात. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, हेब्रिडीजच्याही पलीकडे सेंट किल्डा नावाची बेटं आहेत. झाडं नाहीत, समुद्र खवळलेला, मासेमारीचा भरवसा नाही. लोक जगायचे समुद्रपक्ष्यांवर. दोरावरून कडे उतरून पक्षी आणि अंडी काढायची, मालकाचा खंडसुद्धा पिसांच्या रूपात भरायचा. १६९७ साली मार्टिन मार्टिन नावाचा लेखक तिथे गेला होता. त्याने लिहून ठेवलंय की लग्न करू इच्छिणाऱ्या तरुणाला कड्याच्या टोकाशी पुढे आलेल्या खडकावर एका टाचेवर तोल सावरून वाकून दाखवावं लागे. माहितीपत्रकात हे ‘विचित्र प्रथा’ म्हणून छापतील. पण ज्याचा पाय कड्यावर लटपटतो तो बायकोला काय खायला घालणार, हे त्या बेटावर प्रत्येक बापाला माहीत होतं. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या ३६ रहिवाशांनी स्वतःहून मागणी करून ते बेट सोडलं.

आता सणांकडे वळू. तू सात सण लिहिले आहेस, पण लोकांना कशाची भीती वाटते ते लिहिलं नाहीस. मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिला. त्याच्या असं लक्षात आलं की बेटाजवळच्या शांत उथळ पाण्यात मासे धरताना लोक मंत्रतंत्राच्या फंदात पडत नाहीत. तेच खुल्या समुद्रात जायचं असेल तर विधींची रांग लागते. जिथे आपला हात पोचतो तिथे माणूस कामाला लागतो, जिथे पोचत नाही तिथे हात जोडतो. आपल्याकडे कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात तो पावसाळ्यात बंद ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटायच्या वेळी. आज सरकारी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे, पण त्या दिवसांत समुद्रात जायचं नाही हे शहाणपण कायद्याहून कितीतरी जुनं आहे. तुझ्या सात सणांपुढे एकेक भीती लिही. ज्या सणापुढे काहीच लिहिता येणार नाही तो सण बिनदिक्कत काढून टाक.

भांडणातूनही सण होतो. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरां भरतो. वाड्यावाड्यांत हद्दीवरून भांडणं होती. पोर्तुगीज काळात हद्द दाखवायला झेंडे रोवले गेले आणि लोकांनी ते पाडले. आज त्याचीच मिरवणूक निघते, बांबूच्या नळ्यांतून फळांचा मारा करून लुटुपुटीची लढाई होते. तुझ्या बेटांना झेंडे हवेतच असतील तर असे दे, ज्यांच्या खाली कधीकाळी कुणीतरी मार खाल्ला आहे. त्याच दिवाडीवरचा सप्तकोटेश्वर पोर्तुगीजांच्या छळाच्या काळात नदी ओलांडून नार्व्याला गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तुझ्या सातही देवांनी कधी बेट बदललेलं नाही. एखाद्याला बदलायला लाव. ज्या बेटावरून देव गेला तिथले लोक आज कुणाला नवस बोलतात?

मग तुझे दोन चंद्र. तू त्यांचं वर्णन सुरेख केलं असशील, पण किनारपट्टीच्या मुलीने चंद्र लिहिला आणि भरती लिहिली नाही, हे मला पटलं नाही. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हा हिशेब तुझ्या गावातल्या कुठल्याही जाणत्या माणसाला तोंडपाठ असेल. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे दोन्ही बेताच्या. दोन चंद्र असले की हा हिशेब गुंतागुंतीचा होतो, आणि तो गुंता तुझ्या फायद्याचा आहे. समज, मोठ्या चंद्राच्या एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत ३० दिवस जातात आणि धाकट्याच्या १२. मग दर ६० दिवसांनी दोघांची अमावास्या एकाच रात्री येईल. त्या रात्री आकाशात एकही चंद्र नसेल, मिट्ट काळोख असेल, आणि समुद्र सर्वांत जास्त मागे हटेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेटामधली वाळूची वाट फक्त त्या पहाटे उघडी पडते, असं धर. तिच्यावरून कोण चालत जातं? होडी नसलेले. पळून जाणारे. ज्यांना होडीत घ्यायला कुणी तयार नाही असे. परत फिरायला किती वेळ आहे हे ज्याला माहीत आहे त्या माणसाचं बेटावर केवढं वजन असेल! तो माणूस तिथीचा हिशेब चुकीचा सांगायला लागला तर काय होईल?

या वाटेवरून आपण तुझ्या निळ्या तळव्यांकडे जाऊ. मी सुचवते ते तसंच घ्यायला हवं असं नाही, पण विचार कसा चालवायचा ते बघ. तळवे निळे का? समज, तिसऱ्या बेटावर धान्य होत नाही, पण नीळ होते. निळीची झुडपं कापून पाण्याच्या हौदात कुजवायची, ते पाणी घुसळायचं, मग तळाशी बसलेला गाळ सुकवून वड्या करायच्या. इतर सहा बेटांना निळी वस्त्रं हवीत, म्हणून या बेटाला भात मिळतो. हौदावर बायका काम करतात आणि त्यांचे हात कोपरापर्यंत निळे असतात. बाहेरून आलेल्या नवरीचे हात कोरे. लग्नाच्या दिवशी सासू तिचे तळवे हौदात बुडवते, म्हणजे या हौदाच्या कमाईत आता तुझाही वाटा. इथवर रीत गोड आहे. आता त्रास कुठे होतो ते शोध. हौदाला गोडं पाणी लागतं, आणि भरपूर लागतं. म्हणजे प्यायचं पाणी आणि पोटापाण्याचा धंदा एकाच विहिरीवर अवलंबून. दुष्काळात हौद भरायचे की घागरी? नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या हातावरचा रंग कोण उतरवणार? तो तर धुऊन लगेच जात नाही. आणि त्या काळोख्या पहाटे वाळूच्या वाटेने पळालेली मुलगी दुसऱ्या बेटावर पोचली तरी तिचे हात सांगणार की ती कुठून आली. बघ, तुझ्याकडे नायिका आहे. तिला झेंडा लागत नाही.

पाचव्या बेटाची रीत याहून अवघड आहे आणि मला ती जास्त आवडली. सूर्यास्तानंतर नावाने हाक मारायची नाही. कोकणात रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये असं म्हणतात, तिथूनच तुला सुचलं असावं. इथे एक गोष्ट कर. खरं कारण आणि लोक सांगतात ते कारण, दोन्ही वेगवेगळी लिहून काढ. आपल्या व्रतांच्या कहाण्या आठव. ‘आटपाट नगर होतं’ म्हणून सुरू होतात, कुणीतरी वसा घेतं, कुणीतरी उततं मातं, मग देव कोपतो. कहाणी सांगितल्याशिवाय व्रत पुरं होत नाही. पण त्या व्रताचं मूळ शोधायला गेलीस तर ते कहाणीत सापडेलच असं नाही. तुझ्या पाचव्या बेटाचे लोक सांगत असतील की रात्री समुद्राच्या कानावर नाव पडलं की तो त्या माणसाला बोलावून घेतो. खरं कारण असं असेल की पाच पिढ्यांपूर्वी माणसं धरून नेणारी गलबतं यायची, रात्री पाण्यावरून आवाज लांबवर जातो, आणि गलबतावरचे लोक ऐकलेल्या नावांनीच हाका मारून माणसांना किनाऱ्यावर बोलवायचे. गलबतं केव्हाच थांबली. रीत राहिली. आता एका रात्री बुडणाऱ्या पोराची आई किनाऱ्यावर उभी आहे. तिने नाव घेऊन हाक मारायची की नाही? खरं कारण कादंबरीत कुणालाही माहीत नसलं तरी चालेल. तुला मात्र माहीत हवं.

लोक सांगतात ती गोष्ट कधीकधी जीवही वाचवते. सुमात्राजवळच्या सिम्युलू बेटावर १९०७ साली त्सुनामी आली होती. त्यानंतर तिथे ‘स्मोंग’ची गोष्ट आणि गाणी घरोघर सांगितली जात राहिली: मोठा भूकंप झाला आणि समुद्र मागे हटला, की काही घ्यायला थांबू नका, टेकडीवर पळा. २६ डिसेंबर २००४ रोजी लाट आली तेव्हा सुमारे ७८,००० वस्तीच्या त्या बेटावर लाटेने गेलेल्यांची संख्या ७ सांगितली जाते. तुझ्या सात बेटांपैकी एखाद्या बेटावर असं गाणं असू दे, आणि ते गाणं जुनाट म्हणून मुलांना न शिकवणारी एक पिढीही असू दे.

बेटांचं आपापसांत काय चालतं हेही तुझ्या पत्रात नाही. मालिनोव्स्कीने वर्णन केलेली ट्रोब्रियंडची ‘कुला’ पद्धत वाच. लाल शिंपल्यांच्या माळा बेटांच्या वर्तुळातून एका दिशेने फिरतात, पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट दिशेने. मिळालेली माळ कायमची ठेवायची नसते, पुढे द्यायची असते. ती कुणाकुणाच्या हातून आली यावर तिची कीर्ती ठरते. त्या निमित्ताने होड्या निघतात आणि रोजच्या गरजेच्या वस्तूंचा व्यापारही होतो. आणि आपल्या घराजवळचं उदाहरण हवं तर तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातली कवड्यांची माळ बघ. तुळजापूरला समुद्र नाही. शेकडो वर्षं हिंदुस्थानात कवड्यांचा मोठा पुरवठा मालदीवच्या बेटांवरून होत होता. तिथे किनाऱ्यावर गोळा केलेली वस्तू इथे देवीचं लेणं झाली. तुझ्या पहिल्या बेटावर पायाखाली येणारी कुठली वस्तू सातव्या बेटावर देव्हाऱ्यात ठेवतात? आणि पहिल्या बेटाच्या माणसाने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला काय वाटलं?

अंदमानच्या विधींबद्दल विचारलंस ते बरं केलंस. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नकोस. ती माणसं आज जगताहेत, त्यांची संख्या फार थोडी आहे, आणि बाहेरच्यांनी त्यांचं पुष्कळ काही आधीच घेतलं आहे. १९५६ च्या नियमांनी त्यांच्या प्रदेशात जायला बंदी करावी लागली ती उगीच नाही. जानेवारी २०१० मध्ये बोआ सीनियर या वृद्ध बाई वारल्या आणि ‘बो’ ही भाषा बोलणारं शेवटचं माणूस गेलं. अशा लोकांचा एखादा मृत्यूविधी उचलून काल्पनिक बेटावर ठेवला, की वाचकाच्या मनात त्याचं मूळ पुसलं जातं आणि उरते ती फक्त गंमत. जेजू, सेंट किल्डा, ट्रोब्रियंड ही उदाहरणंही मी उचलायला दिलेली नाहीत. वाऱ्यामुळे घडा पाठीवर आला, एवढी विचाराची पद्धत घे आणि तुझ्या बेटावर वारा कुठून वाहतो ते बघून घडा कुठे जातो ते ठरव. कोळ्यांच्या, दाल्दींच्या, खारव्यांच्या, अशा समुद्रावर जगणाऱ्या आपल्याकडच्या लोकांच्या जगातलं काही घ्यायचं असेल तर आधी त्यांच्यात जाऊन बस, विचार, आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखव. तू गुहागरला राहतेस, तुला हे जमण्यासारखं आहे.

नावांचं फार ओझं घेऊ नकोस. प्रत्येक बेटासाठी पाच-सहा ध्वनी निवड आणि त्या बेटाची नावं त्यांतूनच घडव. एका बेटाच्या नावांत ‘ळ’ आणि ‘ण’ भरपूर, दुसऱ्याच्या नावांत जोडाक्षर अजिबात नाही, असं. नाव ऐकताच वाचकाला माणूस कुठल्या बेटाचा ते कळायला हवं. ‘थॉन’, ‘एल’, ‘रिया’ अशी शेपटं टाळ, ती दुसऱ्यांच्या पुस्तकांतून आलेली असतात. ठिकाणांची नावं मात्र सरळ मराठीत ठेव, कारण होडीवाला खडकाला नाव ठेवतो ते कामापुरतं. बुडवा खडक, उलट्या वाऱ्याची खाडी, तीन विधवांची पुळण. माणसांची नावं परकी आणि जागांची आपली असली की वाचकाला पाय ठेवायला जागा मिळते.

नात्यांची हाक मात्र जपून ठरव. काका, मामा, आत्या हे शब्द वापरलेस की मराठी वाचक आख्खी कुटुंबव्यवस्था सोबत घेऊन येतो. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयसारख्या बेटावर वंश आईकडून चालतो. तुझ्या एखाद्या बेटावर तसं असेल तर मामाचा हक्क बापापेक्षा मोठा असेल, आणि मग ‘मामा’ या हाकेतच वजन येईल. वेगळा शब्द घडवायची गरज नाही.

नकाशा जरूर दे, पण तो कुणी काढला ते आधी ठरव. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांचे दर्यावर्दी नारळाच्या हिरांच्या काड्या बांधून नकाशा करायचे. काड्या लाटांच्या दिशा आणि त्या बेटांना आपटून कशा वळतात ते दाखवायच्या, शिंपले म्हणजे बेटं. शिकताना तो पाठ करायचा आणि किनाऱ्यावरच ठेवून समुद्रात जायचं. तुझा नकाशा विमानातून पाहिल्यासारखा नको. तो त्या निळ्या हातांच्या मुलीने, किंवा तिला तिथी सांगणाऱ्या माणसाने काढलेला असू दे. त्यात तिला माहीत असलेल्या विहिरी ठळक असतील, वाळूची वाट असेल, आणि ती कधी गेली नाही ती तीन बेटं नसतीलच. सातही बेटं पहिल्या पुस्तकात दाखवायची घाई करू नकोस.

पुढच्या महिनाभरात दोनच गोष्टी कर. सात बेटांचं पाणी, वारा आणि भीती एका पानावर लिहून काढ. मग तिसऱ्या बेटावरची दुष्काळातली एक सकाळ लिही, हौदापाशी, चार-पाच पानं. त्यात सणाचं, देवाचं, झेंड्याचं नाव येऊ देऊ नकोस. ती पानं त्याच मैत्रिणीला वाचायला दे. तिने ‘पुढे त्या मुलीचं काय झालं’ असं विचारलं तर मला ती पानं पाठव, मी वाट बघते.

तुझी,
ताई